शिबिरातील वजन, रक्तदाब व रक्तशर्करा तपासणी : वैद्यांनी घ्यावयाची दक्षता

अक्कलकुवा तालुक्यातील खापर हे गुजरातच्या सीमेलगतचे गाव. सातपुड्याच्या पायथ्याच्या या आदिवासी परिसरात तपासणी शिबिर घेताना शहरी ठोकताळे जसेच्या तसे लावल्यास निदान चुकते. म्हणून काही मुद्दे वैद्यबंधूंसमोर मांडत आहोत.

१) वजन : चरकाचार्यांनी अष्टौनिन्दितीय अध्यायात अतिस्थूल व अतिकृश या दोहोंची गणना केली आहे. शरीरभार निर्देशांक २३ पेक्षा अधिक असल्यास भारतीयांत धोका वाढतो, १८.५ पेक्षा कमी असल्यास तेही नोंदवावे. पुरुषांत कमरेचा घेर ९० सें.मी. व स्त्रियांत ८० सें.मी. ही मर्यादा समजावी. रुग्ण कृश आहे म्हणून शर्करा तपासणी टाळू नये. कृश प्रमेही चरकसंहितेत स्पष्ट सांगितला असून त्यास संशोधन नव्हे, तर बृंहण विहित आहे.

२) रक्तदाब : पाड्यावरून चालत आलेल्या व्यक्तीस किमान पाच मिनिटे बसवावे. अर्धा तास आधी चहा, तंबाखू वा विडी घेतलेली नसावी. कृश दंडास मोठा पट्टा बांधल्यास दाब प्रत्यक्षाहून कमी दिसतो. दोन वेळा मोजून सरासरी घ्यावी. १४०/९० वा अधिक आढळल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावा. १८०/१२० च्या वर असल्यास त्वरित रुग्णालयात पाठवावे.

३) रक्तशर्करा : बोट साबणाने धुऊन कोरडे करावे; गूळ वा फळाचा अंश राहिल्यास आकडा वाढतो. प्रत्येकास नवी सुई वापरावी. तीव्र पांडुरोगात ग्लुकोमीटर प्रत्यक्षाहून अधिक शर्करा दाखवू शकतो. म्हणून केव्हाही घेतलेली शर्करा १४० च्या वर आल्यास प्रयोगशाळेत उपाशीपोटी व ग्लुकोजनंतर दोन तासांनी तपासावी. उपाशीपोटी १२६ वा दोन तासांनंतर २०० ही मधुमेहाची मर्यादा होय. लक्षणे नसल्यास निदानापूर्वी तपासणी पुन्हा करावी.

४) सिकलसेल : हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी समाजात सिकलसेल आढळतो. या रोगात रक्तपेशी अल्पायुषी असल्याने तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीएवनसी चाचणी खोटी कमी येते आणि मधुमेही निरोगी ठरतो. अशा रुग्णांत प्रत्यक्ष रक्तशर्करेवरच निदान करावे. सांधेदुखी, वारंवार कावीळ व पांडुता यांविषयी प्रत्येकास विचारावे. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले असून त्याअंतर्गत तपासणी होते.

५) औषधालयचालकांस : पट्ट्यांची डबी घट्ट बंद, उष्णता व ओलावा यांपासून दूर ठेवावी, मुदत पाहावी. मधुमेह्यास आसव, अरिष्ट वा अवलेह देताना त्यांतील गूळ-साखर ध्यानात घ्यावी. चालू असलेल्या आधुनिक गोळ्या आपणहून बंद करू नयेत. त्यांसोबत कारले वा मामेजवा दिल्यास शर्करा फार खाली जाण्याचा संभव असतो.

६) पाठपुरावा : अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी स्थलांतर करतात व होळीला परततात. म्हणून दिनांकासह तीनही आकडे लिहिलेली चिठ्ठी रुग्णाच्याच हाती द्यावी आणि पुनर्तपासणी होळीच्या सुमारास ठेवावी.