विचारून उंबरठा ओलांड

पोरी, स्वतःच्या पगारातून फिरायला निघते आहेस, ऐकून फार बरं वाटलं. तुझ्या यादीत महाबळेश्वर, लोणावळा आणि गोवा ही नावं वर दिसली. ती असू देत. पण निघण्याआधी आमच्या घरात माझ्या वडिलांपासून चालत आलेलं एक सूत्र ऐकून ठेव. आपण ज्याला सहलीचं ठिकाण म्हणतो ते कुणाचं तरी राहतं गाव असतं. म्हणून आधी विचारायचं, मग पाय ठेवायचा. वडील एवढंच सांगत. पुढचं सगळं मला फिरताना उमगलेलं आहे.

मोठ्या नावाच्या शेजारचं गाव धर

महाबळेश्वरला लोक पॉइंटमागून पॉइंट बघत धावतात आणि पायथ्याची वाई गाडीच्या काचेतून बघतात. तू वाईला उतर. सकाळी कृष्णेच्या घाटावर जा. तिथला ढोल्या गणपती सरदार रास्त्यांनी १७६२ साली बांधला. देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती आहे, पुराचं पाणी तिथं दुभंगून बाजूनं निघून जावं म्हणून. बांधणाऱ्यानं नदीचा स्वभाव ओळखून भिंत घातली. हे समजावून सांगणारा माणूस तुला घाटावरच भेटेल, विचार मात्र. पुढं तीनेक किलोमीटरवर मेणवली. नाना फडणविसांचा वाडा तिथं आहे आणि खालच्या घाटावर वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा आहे.

पाचगणीच्या पुढं, महाबळेश्वरच्या वाटेवर भिलार आहे, मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव. घरांत, देवळात, शाळेत विषयवार पुस्तकं मांडलेली असतात, कुणीही जाऊन वाचावीत. त्यातल्या काही घरांत राहायचीही सोय होते. एका घरी मुक्काम कर आणि वाचायला गावभर हिंड. मोबाइल बाजूला ठेवून दोन दिवस काढायचे असतील तर याहून चांगली जागा मला तरी ठाऊक नाही.

गोव्याच्या वाटेवर असंच सावंतवाडी मागं पडतं. मोती तलावाकाठी राजवाडा आहे. तिथं हातानं रंगवलेली गंजिफाची पानं तयार होतात, आणि राजवाड्याच्या एका भागात आता पाहुण्यांसाठी खोल्याही आहेत. त्या महाग वाटल्या तर गावातल्या साध्या लॉजवर उतर आणि राजवाडा तिकीट काढून बघ. चितारआळीत लाकडी खेळणी घेताना घाई करू नकोस. कारागिराला वेळ असेल तर तो रंग कसा चढवतात ते दाखवतो.

महिना आणि वार बघून मगच तिकीट काढ

कासचं पठार ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलतं. दिवसाला तीन हजार माणसांचीच मर्यादा असते, नोंदणी आधी करावी लागते. ताडोब्याची सफारी मंगळवारी बंद असते. बरीच सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात. जंजिरा आणि सिंधुदुर्ग या पाण्यातल्या किल्ल्यांच्या होड्या पावसाळ्यात थांबतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तो माशांच्या विणीचा काळ. तेव्हा जून-जुलैत कोकणात ताज्या सुरमईचा हट्ट धरू नकोस. खानावळवाली जे करून घालेल ते खा. त्या दिवसांत कुळथाची पिठी आणि सुक्या जवळ्याची चटणी जिभेला जास्त गोड लागते.

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. गणपतीत कोकण रेल्वेची तिकिटं पाहता पाहता संपतात आणि ती गावी जाणाऱ्या चाकरमान्यांना हवी असतात. त्या आठवड्यात तू दुसरीकडं जा. एसटीत बायकांना निम्मं भाडं आहे, पण राज्याच्या हद्दीपुरतं. पणजीच्या गाडीत पुढचं भाडं पूर्ण द्यावं लागतं. आणि 'आवडेल तेथे प्रवास' हा चार किंवा सात दिवसांचा पास डेपोत मिळतो. गावाहून गावाला हिंडायचं असेल तर तो काढ. ज्या गावी उतरशील तिथं परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे हे कंट्रोलरला उतरल्या उतरल्या विचार. भिंतीवरचा तक्ता जुना असू शकतो.

लॉजच्या पलीकडं राहून बघ

मंडणगड तालुक्यातलं वेळास हे नाना फडणविसांचं मूळ गाव. फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं अंड्यांतून बाहेर येतात आणि सकाळ-संध्याकाळ समुद्रात सोडली जातात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ च्या सुमारास हे काम हाती घेतलं. अंडी चोरीला जाणारी ती जागा आता गावाच्या अभिमानाची आणि रोजीरोटीची झाली आहे. तिथं हॉटेल शोधू नकोस, गावकऱ्यांच्या घरीच राहायचं. पिल्लं रोज निघतीलच असं नाही, म्हणून दोन रात्रींचा मुक्काम ठेव. पिल्लं सोडताना लावलेल्या दोरीच्या आत पाऊल टाकू नकोस, पिल्लाला हात लावू नकोस, फ्लॅश आणि टॉर्च बंद ठेव. वन्यजीव कायद्याचं संरक्षण त्या जिवाला आहेच, पण त्याआधी ते गावानं जपलेलं आहे.

घरगुती राहण्याची सोय ठरवताना फोनवर पाच गोष्टी विचार: संडास-बाथरूम आत की परसात, गरम पाणी किती वाजता, जेवण किती वाजता आणि शाकाहारी की माशांचं, वीज गेली तर काय, आणि स्टँडवरून यायला रिक्षा मिळते का. विचारण्यात कसला संकोच? उलट यजमानाला तयारी करता येते. पोचायची वेळ पाळ. तुझ्यासाठी तांदूळ धुऊन ठेवलेले असतात, कुणीतरी जागं राहिलेलं असतं. देवघर, स्वयंपाकघर आणि विहीर इथं विचारल्याशिवाय जाऊ नकोस. ओला टॉवेल पलंगावर टाकू नकोस. जेवून उठताना ताट उचलू का, असं विचार. यजमानीणबाई नको म्हणतील, पण विचारल्याचं त्यांना बरं वाटतं.

तीर्थाच्या गावी भक्तनिवासात राहा. शेगावला गजानन महाराज संस्थानाची स्वच्छता आणि शिस्त सगळ्या महाराष्ट्रानं शिकण्यासारखी आहे. पंढरपुरातही मंदिर समितीचं भक्तनिवास आहे. आषाढी-कार्तिकीला मात्र तिथली जागा वारकऱ्यांची, आपण इतर महिन्यांत जावं. भक्तनिवासात दाराची आणि जेवणाची वेळ ठरलेली असते, दारू-मांसाहार चालत नाही. हे पटत नसेल तर तिथं उतरू नये.

रात्री-अपरात्री गाडी पोचणार असेल तर स्टेशनावरच्या विश्रांतिकक्षाचा विचार कर. कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर तो आधी आरक्षित करता येतो, काही तासांसाठीही. एकट्या मुलीनं अनोळखी शहरात पहाटे तीनला लॉज शोधत फिरण्यापेक्षा हे कितीतरी बरं. मुंबई सेंट्रलला २०२१ पासून एकेका माणसापुरत्या पॉडमध्येही झोपता येतं. बांधकाम खात्याची आणि वनखात्याची विश्रामगृहं फार सुंदर जागी असतात, पण सरकारी दौरा आला की खोली अधिकाऱ्यांना आधी जाते. तिथं जाताना दुसऱ्या जागेचा फोन नंबर जवळ ठेव.

हद्द बदलली की कायदा बदलतो

हे नीट ऐक, कारण इथंच शिकलीसवरलेली माणसं फसतात. गोव्यात किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिणं किंवा चूल मांडणं गुन्हा आहे. २०१९ पासून त्याला मोठा दंड आहे. तिथं दुचाकी भाड्यानं घ्यायची तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घे. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी स्वस्तात देऊ केली तरी नको. अपघात झाला तर विमा हात वर करतो. परतताना कुणी मित्र म्हणेल, तिकडची स्वस्त बाटली बॅगेत टाकू. नाही म्हण. गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं दारूबंदी कायद्यानं गुन्हा आहे आणि बांद्याजवळ इन्सुलीला तपासणी होते. आपल्या राज्यातच वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे, हेही मुंबईकरांना ठाऊक नसतं.

माथेरानला गाडी दस्तुरी नाक्यावर सोडावी लागते. पुढं साधारण तीन किलोमीटर चालत, घोड्यावर किंवा अमन लॉजहून छोट्या रेल्वेगाडीनं जायचं. म्हणून सामान पाठीवर मावेल एवढंच घे. तिथली तांबडी माती आणि शांतता या वाहनबंदीमुळंच टिकली आहे.

रायगड, शिवनेरी, जंजिरा, सिंधुदुर्ग हे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचे संरक्षित किल्ले आहेत. त्यांच्या भिंतीवर नाव कोरणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ड्रोन उडवायचा, गडावर मुक्काम करायचा, तर परवानगी आधी विचार.

पावसाळ्यात धबधब्यांवर आणि धरणांवर जिल्हाधिकारी बंदीचे आदेश काढतात. लोक चिडतात. पण जून २०२४ मध्ये लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातली माणसं, त्यांत लहान मुलं, डोळ्यांदेखत वाहून गेली. वर डोंगरात पाऊस पडत असतो आणि खाली पाणी क्षणात चढतं. फलक दिसला तर वळ. फलक नसेल तर गावातल्या माणसाला विचार, आणि तो नको म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नकोस. पाणी कुठून येतं ते त्यानं लहानपणापासून पाहिलेलं असतं.

ईशान्येकडं जायचं ठरलं तर अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि मणिपूरसाठी इनर लाइन परमिट लागतं. ते ऑनलाइन निघतं. त्याचं मूळ १८७३ च्या नियमात आहे. आज मात्र तिथली माणसं ते आपली जमीन आणि वस्ती राखण्याचं साधन मानतात. आपल्याच देशात परवाना कशाला, असं तिथल्या नाक्यावर बोलू नकोस. आणि अमेरिकेतला तुझा चुलतभाऊ सोबत असेल, त्याच्याकडं तिकडचा पासपोर्ट असेल, तर घरगुती यजमानालाही त्याची नोंद चोवीस तासांत करावी लागते. हे खोली घेतानाच सांग. नंतर कळलं तर त्रास यजमानाला होतो.

पैसे देताना मान राख

लहान गावी रेंज जाते, मशीन बंद पडतं. दहा-वीस-पन्नासच्या नोटा जवळ ठेव. राहण्या-जेवणाचा दर आधी ठरव आणि निघताना घासाघीस करू नकोस. चार खोल्यांच्या घराला तुझे पन्नास रुपये आठवड्याच्या भाजीत मोजता येतात. आगाऊ रक्कम देऊन बेत रद्द केलास तर फोन करून सांग, नुसती गैरहजर राहू नकोस. सोय आवडली नाही तर तोंडावर, शांतपणे सांग. दोन ओळी ऑनलाइन खरडण्याआधी त्यांना सुधारायची संधी मिळायला हवी. कचरा बॅगेतून परत आण. गावात तो उचलायला रोज घंटागाडी येतेच असं नाही.

कितीही आपुलकीचं गाव असलं तरी एकटी असताना मुक्कामाचा पत्ता आणि यजमानाचा नंबर घरी कळव. तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही. प्रवासात रस्ते बंद होतात, फोन संपतात, आणि शोधणाऱ्याला सुरुवात कुठून करायची ते माहीत असावं लागतं.

आणि परत आल्यावर कुणी विचारेल, कुठं गेली होतीस, कसं होतं? सांग, मोकळेपणानं सांग. पण गावाचं नाव सांगशील तेव्हा त्याच दमात तिथले नियमही सांग: वेळासची दोरी, माथेरानचा नाका, भक्तनिवासाची वेळ. नुसतं नाव पसरलं की गावाला गर्दी मिळते, रीत पसरली तर पाहुणे मिळतात. मला मिळालेलं मी तुला दिलं. तुझ्या मैत्रिणींना तू दे.