विस्मृतीचा शोध

इ. स. १९०१ सालच्या नोव्हेंबर महिन्यात जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराच्या मनोरुग्णालयात आउगुस्टे डेटर नावाची एक स्त्री दाखल झाली. तिचे वय अवघे ५१ वर्षांचे होते. पती रेल्वेत कारकून होता. पूर्वी नेटकेपणाने संसार करणाऱ्या या गृहिणीच्या वागण्यात हळूहळू विलक्षण पालट होत गेला. वस्तू लपवून ठेवाव्यात आणि त्या पुन्हा सापडू नयेत. रोजचा स्वयंपाक बिघडावा. पतीविषयी नसते संशय घ्यावेत, असे सुरू झाले. अखेर निरुपाय होऊन पतीने तिला तेथे आणले.

त्या रुग्णालयात आलोइस अल्झायमर नावाचे तरुण डॉक्टर होते. ते रोग्याजवळ बसून शांतपणे बोलत व त्याचा शब्द न् शब्द टिपून ठेवीत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आउगुस्टेला तिचे नाव विचारले. तिने ‘आउगुस्टे’ असे उत्तर दिले. आडनाव विचारले, तरी तेच उत्तर. पतीचे नाव विचारताच ती क्षणभर घोटाळली आणि तेही आउगुस्टेच असावे, असे म्हणाली. दुपारी ती फ्लॉवरची भाजी व मांस खात होती. काय खाता म्हणून विचारले, तर तिने पालक असे सांगितले. मात्र पेन्सिल, लेखणी, किल्ली या वस्तू दाखविल्या, तेव्हा तिने त्यांची नावे बिनचूक सांगितली. थोड्या वेळाने आपल्याला काय काय दाखविले होते, हे मात्र तिला काही केल्या आठवेना. तिला स्वतःचे नाव लिहावयास सांगितले. ‘श्रीमती’ या अर्थाचा शब्द लिहून तिचा हात थांबला. पुढे काय लिहायचे, तेच ती विसरली होती! आपण स्वतःला हरवून बसलो आहोत, अशा अर्थाचे उद्गार तिने वारंवार काढले, अशी नोंद आहे.

वृद्धपणी बुद्धी मंद होते, असे लोक पूर्वापार मानीत आले आहेत. आपल्याकडेही ‘साठी बुद्धी नाठी’ अशी म्हण आहे आणि ‘म्हातारचळ’ असा एक निष्ठुर शब्दही आहे. परंतु आउगुस्टे तर वृद्ध नव्हती. मग हे कशामुळे घडले? १९०६ च्या एप्रिलमध्ये ती मरण पावली. डॉक्टर त्यावेळी म्युनिक येथे काम करीत होते, तरी ते तिला विसरले नव्हते. त्यांनी तिचा मेंदू तपासणीसाठी मागवून घेतला. त्याचे अतिशय पातळ काप करून, त्यांना चांदीच्या क्षाराचा रंग देऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मेंदू आकसलेला होता. पुष्कळ पेशी नाहीशा झाल्या होत्या. पेशींच्या आत धाग्यांचे गुंते आणि पेशींच्या बाहेर कसल्या तरी पदार्थाचे गोळे साचलेले होते.

३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेन येथे भरलेल्या वैद्यांच्या सभेत त्यांनी ही हकीकत सांगितली. सभेत कोणी एक प्रश्नही विचारला नाही! पुढे १९१० साली एमिल क्रेपेलिन या विख्यात मनोवैद्याने आपल्या ग्रंथात या रोगाला ‘अल्झायमरचा रोग’ असे नाव दिले.

माणसाच्या मेंदूचे वजन जेमतेम दीड किलोग्रॅमच्या आतबाहेर असते. पण त्यात सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी असतात. प्रत्येक पेशी इतर हजारो पेशींना निरोप पोहोचविते. पेशीच्या आत सामानाची ने-आण करणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात. आगगाडीच्या रुळांना जसे स्लीपर, तसे या नळ्यांना ‘टाऊ’ नावाचे प्रथिन धरून ठेवते. या रोगात ते सुटून त्याचे गुंते होतात. पेशींबाहेर जे गोळे साचतात, ते ‘अमिलॉइड’ या प्रथिनाचे असतात. निरोप पोहोचेनासे होतात आणि पेशी मरू लागतात. हा बिघाड, पहिली खूण दिसण्यापूर्वी पंधरा-वीस वर्षे आधीच गुपचूप सुरू झालेला असतो.

कानाच्या आतल्या बाजूस, मेंदूत खोलवर, समुद्रघोड्याच्या आकाराचा एक लहानसा भाग आहे. त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. नव्या आठवणी साठविण्याचे काम तो करतो आणि बहुधा रोगाचा घाला प्रथम त्याच्या आसपासच पडतो. म्हणून तर एखाद्या घरातील आजीला माहेरच्या विहिरीचा रहाट आठवतो, लहानपणच्या मैत्रिणींची नावे आठवतात. पण तासाभरापूर्वीचे जेवण आठवत नाही. मला कोणी वाढलेच नाही, असे ती शेजाऱ्यांना सांगते. सुनेला ते जिव्हारी लागते. शेजारीही कुजबुजू लागतात. वस्तुतः आजी खोटे बोलत नसते. जेवणाची आठवण तिच्या मेंदूत उमटलेलीच नसते. मग ती आठवणार कोठून? अशा वेळी वाद घातल्याने ती अधिकच बावरते. हातात एखादे फळ दिले, जुनी गोष्ट काढली, तर ती शांत होते. हे घरातील लहान मुलेही करू शकतात; किंबहुना मोठ्यांपेक्षा तीच ते अधिक सहजपणे करतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात साडेपाच कोटींहून अधिक लोकांना स्मृतिभ्रंश होता. त्यांतील बहुसंख्यांना हाच रोग असतो. काही औषधांनी लक्षणे थोडी सौम्य होतात. काही नव्या औषधांनी रोगाची चाल किंचित मंदावते. तो मुळापासून बरा करणारे औषध अद्याप हाती आलेले नाही.

डॉक्टर अल्झायमर १९१५ साली वारले. आउगुस्टेच्या नोंदींची वही पुढे कोठे गेली, हे कोणालाच ठाऊक नव्हते. १९९५ साली ती फ्रँकफुर्ट येथील रुग्णालयाच्या दप्तरात सापडली. तिच्यात आउगुस्टेची छायाचित्रे आणि डॉक्टरांच्या हातची टिपणे होती. नंतर तिच्या मेंदूचे कापही म्युनिकमध्ये मिळाले. शास्त्रज्ञांनी ते पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. नव्वदहून अधिक वर्षांनंतरही तेच गुंते आणि तेच गोळे त्यांत स्पष्ट दिसत होते.