स्वस्त भाडे आणि मोठा नफा : क्लाउडच्या धंद्याचा हिशेब

दुकानाची बिले, कारखान्याचे हिशेब, घरची छायाचित्रे आपल्या संगणकात न ठेवता दूरच्या एखाद्या कंपनीच्या संगणकांवर भाड्याने ठेवावयाची, या सोयीस क्लाउड म्हणतात. भाडे इतके अल्प, की यात त्या कंपनीस सुटते तरी काय, अशी शंका आमच्या व्यापारी बंधूंस येते. शंका रास्त आहे.

बडोदेकरांस याचे निम्मे उत्तर घरीच सापडेल. १९१० साली महाराज सयाजीरावांनी बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले व पुढे संस्थानात फिरती ग्रंथालये चालू झाली. पुस्तकांची पेटी गावोगाव फिरे. पुस्तके तीच, वाचक अनेक. दरबारास त्यात नफा नको होता हे खरे, पण युक्ती तीच. आपल्या दुकानातला संगणक पुष्कळ वेळ रिकामा बसतो. क्लाउडवाल्याचा संगणक एकाचे काम संपताच दुसऱ्याचे हाती घेतो. वीज, थंडावा, पहारा यांचा खर्च हजारो गिऱ्हाइकांत वाटला जातो आणि यंत्रेही घाऊक भावाने मिळतात.

ॲमेझॉन कंपनीने मार्च २००६ मध्ये ही सेवा काढली तेव्हा एक गिगाबाइट माहिती ठेवण्यास महिना १५ सेंट पडत. अमेरिकेतील तोच दर पुढे सुमारे २.३ सेंटांवर आला. तरीही २०२४ साली या शाखेची विक्री सुमारे १०८ अब्ज डॉलर, व त्यात धंद्याचा नफा जवळजवळ ४० अब्ज!

नुसत्या जागेच्या भाड्याकडे पाहून हा आकडा उलगडत नाही. एकदा माहिती तेथे गेली, की तिच्यावर चालणारी गणकयंत्रे, सुरक्षा, नोंदवह्या हे सारे तेथूनच घ्यावेसे वाटते. एक वा तीन वर्षांचा करार करणारास मोठी सूट मिळते. कंपनीस गिऱ्हाईक निश्चित होते. आणि पूर्वी शहरात माल आणताना जकात पडे, येथे ती बाहेर नेताना पडते. माहिती आत घालणे फुकट. बाहेर काढताना महिन्याचे पहिले १०० गिगाबाइट सोडून पुढे गिगाबाइटला सुमारे ९ सेंट, म्हणजे जवळजवळ चार महिन्यांचे भाडे! कायमचे सोडून जाणारास २०२४ पासून ही रक्कम माफ होते, परंतु तशी मागणी करावी लागते. म्हणून दरपत्रक घेताना ठेवण्याच्या दराशेजारी नेण्याचा दरही लिहून घेतलेला बरा.

मुंबईत या कंपनीचे केंद्र २०१६ पासून आहे. तेथील दर अमेरिकेहून काहीसे चढे आहेत आणि बिलावर जीएसटी वेगळा लागतो.