कच्च्या भाजीवरचे जंतू आणि न लागणाऱ्या गोळ्या

२०११ साली जर्मनीत सुमारे ४,००० लोक जुलाबाने आजारी पडले, ५० हून अधिक दगावले. शोध घेतला तेव्हा कारण निघाले मेथीच्या दाण्यांचे कच्चे मोड. त्यावर ई. कोलाय जातीचा असा जंतू होता, की पेनिसिलिनच्या वर्गातली बरीच औषधे त्याला लागूच पडत नव्हती. श्रीमंत देशात हे घडले, तर आपल्या वस्त्यांचे काय?

जंतू औषधाला सरावतो तो असा. माणसाला किंवा जनावराला अँटिबायोटिक दिले की कच्चे जंतू मरतात, चिवट उरतात. ते शौचावाटे गटारात, गटारातून नाल्यात आणि नाल्याच्या पाण्यावर पिकवलेल्या पालकावर, कोथिंबिरीवर येतात. २०११ मध्येच दिल्लीतल्या पाण्याची तपासणी प्रसिद्ध झाली. रस्त्यावर साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० पैकी २ मध्ये एनडीएम-१ हे जनुक सापडले. ते अंगी आलेल्या जंतूपुढे दवाखान्यातली भारी इंजेक्शनेही हरतात. यात भाजीवालीचा दोष नाही. सांडपाणी शुद्ध न करता सोडणाऱ्यांना जाब विचारायला हवा.

आता दिलाशाची गोष्ट. हा जंतू औषधाला दाद देत नाही, पण उष्णतेला देतो. नीट शिजलेली भाजी, उसळ निर्धोक. धोका कच्च्यात आहे: कोथिंबीर, काकडी, मुळा, कांद्याची पात, भेळेतली कच्ची मोडाची मटकी. लहान बाळ, गरोदर बाई, म्हातारी माणसे आणि आजारी माणूस यांना मोड वाफवूनच द्या.

नळ तासभरच येतो, वाहत्या पाण्याखाली कुठून धुणार, असे बाया म्हणतात. मग दोन पातेली घ्या. जुडीची मुळे आधी कापून टाका, पाने पाण्यात खळबळून वर उचलून घ्या. पातेले पालथे केले तर खाली बसलेली माती परत पानांवर येते. असे तीनदा करा, शेवटचे पाणी पिण्याचे असावे. चिरण्याआधी धुवा, चिरल्यावर नव्हे. मिठाच्या पाण्याने अळ्या निघतात. जंतू मरतात असे समजू नका. साबण तर नकोच. मटण-कोंबडी कापलेल्या विळीवर काकडी चिरायची असेल तर विळी आधी साबणाने घासून घ्या. जयंतीच्या भोजनदानात कोशिंबीर अगदी शेवटी कालवा, उन्हात तासन् तास ठेवू नका.

एवढे करूनही जुलाब लागले तर मेडिकलमधून दोन गोळ्या आणून गिळू नका. पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ती गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नसते. बहुतेक जुलाबांना अँटिबायोटिक लागतच नाही, लागते ते ओआरएस. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच स्वच्छ पाण्यात ते सगळे एकदम कालवा आणि घोट घोट पाजा. मुलाला त्यासोबत झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्यायच्या असतात, आशाताईंकडे मागा. शौचात रक्त, जोराचा ताप, बाळाची लघवी बंद, डोळे खोल गेलेले, यातले काहीही दिसले तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा, वाटेत ओआरएस चालू ठेवा.