टिक्‌टिक् करणारी नळी

किरणोत्सर्ग दिसत नाही, त्याला वास नाही, तो अंगाला जाणवतही नाही. मग तो मोजायचा कसा? १९०८ साली मँचेस्टर येथे रदरफर्ड व गायगर यांनी हे काम वायूवर सोपवले. पुढे १९२८ मध्ये गायगरने आपला विद्यार्थी म्यूलर याच्या साहाय्याने ही नळी सुधारली. तोच गायगर-म्यूलर गणक.

रचना साधी आहे. धातूचे नळकांडे, मधोमध बारीक तार आणि आत कमी दाबाचा आरगॉन वायू. तार धन, नळकांडे ऋण. दोहोंमध्ये सुमारे ५०० व्होल्ट. एरवी वायू विजेचा दुर्वाहक, म्हणून नळी गप्प असते. किरण आत शिरला की तो एखाद्या अणूतून इलेक्ट्रॉन हुसकावतो आणि हा इलेक्ट्रॉन तारेकडे धावतो. तार बारीक का, ते आता पाहा. तिच्या अगदी जवळ विद्युतक्षेत्र अतिशय तीव्र असते. तेथे इलेक्ट्रॉनला एवढा जोर येतो, की तो वाटेतल्या अणूंतून नवे इलेक्ट्रॉन पाडतो, ते आणखी पाडतात. एकाचे कोट्यवधी होतात आणि ‘टिक्’ ऐकू येते. हा लोंढा आवरण्यासाठी वायूत अल्कोहोलची वाफ किंवा किंचित ब्रोमीन मिसळतात.

किरण दुबळा असो वा जोरकस, टिक् सारखीच! म्हणून हा गणक संख्या सांगतो, ऊर्जा नाही. अल्फा कणांसाठी नळीला अभ्रकाची पातळ खिडकी लागते. गॅमा किरण मात्र शंभरातला एखादाच पकडला जातो.

आणखी एक अडचण. लोंढ्यानंतर जड धन आयन तारेभोवती रेंगाळतात व तिचे क्षेत्र दुबळे करतात. सुमारे १०० मायक्रोसेकंद नळी आंधळी असते. यालाच मृतकाल म्हणतात. समजा, सेकंदाला २,००० टिक् मोजल्या. म्हणजे नळी ०.२ सेकंद बंद होती, मोजणी ०.८ सेकंदातच झाली. खरा आकडा २,५०० येतो. स्वतः करून पाहा.

किरणोत्सर्ग फारच तीव्र असेल, तर नळीला सावरायला उसंतच मिळत नाही आणि साधा गणक चक्क मुका होतो. धोका सर्वांत मोठा आणि आवाज नाही! अशा जागी आयनकक्ष वापरतात. त्यात व्होल्ट बेताचे असतात, लोंढा उठत नाही. सतत वाहणारा सूक्ष्म प्रवाह मोजला जातो. आणि गणकच हाती असेल, तर जाणकार तो दुरूनच सुरू करतात व टिक्‌टिक् वाढते कशी, हे ऐकत ऐकत पुढे सरकतात.