जामीनदार सांगतो

भाच्याच्या जामिनाच्या कागदावर सही माझी आहे. रस्त्यावर गाड्यांची शर्यत त्यानं लावली, पण तारखेला तो गैरहजर राहिला तर जामिनाची रक्कम कोर्ट मला मागणार. तेव्हा या विषयावर चार शब्द बोलायचा हक्क मला आहे, असं मी धरून चालतो. अमरावती-अकोल्याच्या पोट्ट्यांनी ते वाचावेत. आणि त्यांच्याही आधी, ज्यांच्या नावावर या पोट्ट्यांच्या गाड्या आहेत त्या आईबापांनी.

हा रस्ता आमच्या डोळ्यांदेखत बदलला. अमरावतीहून अकोल्याला जाणं म्हणजे कित्येक वर्षं खड्डे चुकवत जाणं होतं. मग ३ ते ७ जून २०२२ या दिवसांत लोणी ते माना या पट्ट्यात १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरची सलग एक लेन डांबरी झाली आणि गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारचा होता. अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? पण आमच्याकडच्या काही पोट्ट्यांना पुढचे विक्रमही याच रस्त्यावर करायचे असतात असं वाटायला लागलं.

गोष्ट २०२४च्या दिवाळीनंतरची. मूर्तिजापूरजवळ दोन दुचाक्या, पैज नाश्त्याची. भाचा एकोणीस वर्षांचा, गाडी भाऊजींच्या नावावर. दुसरा सतराचा, त्याच्या मागे बसलेला तिसरा मोबाइलवर चित्रण करत होता. दूधवाले काका कॅन लावलेली मोपेड घेऊन दुभाजकाच्या फटीतून पलीकडे निघाले होते. भाच्याची गाडी त्यांच्यावर गेली. मांडीचं हाड मोडलं. पोट्टे पळाले नाहीत, १०८ला फोन केला, एवढं मात्र बरं केलं. जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४नं चालकाचं काम आहे; पळालं की एक गुन्हा आणखी वाढतो.

ताई त्या रात्री एकच वाक्य घोकत होती, "जो काय दंड असन तो भरू बाप्पा, न् पोराले घेऊन येऊ." घरातल्या सगळ्यांचीच समजूत ती होती. चालान फाडलं की विषय संपला.

चालान हा त्यातला सगळ्यात किरकोळ भाग निघाला. नुसत्या अतिवेगाला, हलकं वाहन असेल तर, कलम १८३खाली हजार ते दोन हजार रुपये. पण सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा कलम १८९चा वेगळा गुन्हा: तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडला तर वर्षभरापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इथं धडक कोणाची झाली याला महत्त्व नाही. दुसऱ्या मुलाची गाडी कोणालाच लागली नव्हती, तरी त्याचं नाव आलंच, प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेलं. त्यावर भारतीय न्याय संहितेची कलमं: २८१, बेदरकार वाहन चालवणं, आणि १२५, ज्यात गंभीर दुखापत असेल तर तीन वर्षांपर्यंत कैद. काकांच्या घरी बोलणी करायला गावातली दोन वडीलधारी माणसं तयार होती. वकिलांनी थांबवलं. म्हणाले, २८१ आपसात मिटत नाही.

पुरावा शोधायला पोलिसांना फिरावं लागलं नाही. तो मोबाइलमध्येच होता. वेग दाखवणारा काटा, हसणं, कोण पुढे कोण मागे, सगळं. "डिलीट करून टाक न" असं सांगणारे शहाणे त्या दोन दिवसांत बरेच भेटले. पुरावा नष्ट करणं हाही गुन्हा आहे, हे त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

थोडं विषयांतर करतो. आमच्या तळेगाव दशासरचा शंकरपट कोणाला ठाऊक नाही? बैलांच्या शर्यतीवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं बंदी आणली, राज्यानं २०१७ला कायदा केला, आणि १८ मे २०२३ला घटनापीठानं तो कायम ठेवला तेव्हा कुठे पट निर्धास्तपणे भरायला लागले. आजही सरकारी परवानगीशिवाय जोडी सुटत नाही. बैल पळवायला इतके कागद लागतात, आणि आमचे पोट्टे नाश्त्यावर गाड्या सोडतात.

काका वाचले म्हणून आम्हीही वाचलो, असंच म्हणायचं. माणूस गेला असता तर कलम १०६, पाच वर्षांपर्यंत कैद; जुन्या कायद्यात ती दोन वर्षं होती. आणि आपल्या चालवण्यानं कोणी मरू शकतं याची जाणीव चालकाला होती असं कोर्टाला पटलं, तर प्रकरण सदोष मनुष्यवधावर जातं. मुंबईत कार्टर रोडवर २००६ साली पदपथावर झोपलेले सात मजूर गाडीखाली गेले, त्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१२ला तीन वर्षांची शिक्षा कायम केली ती सदोष मनुष्यवधाच्याच कलमाखाली.

आता पैशाचं. इथं जरा थांबून वाचा. भाऊजींनी गाडी २०१९ला घेतली. सप्टेंबर २०१८पासून नव्या दुचाकीसोबत पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, म्हणून पाच वर्षं कोणाला आठवण ठेवावी लागली नाही. २०२४ला तो संपला. ७५ ते १५० सीसीच्या गाडीला या विम्याचा मूळ हप्ता तेव्हा वर्षाला ७१४ रुपये होता. तो भरला नव्हता. काकांचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात गेला: दवाखाना, बुडालेली कमाई, पुढचं अपंगत्व. विमा असता तर ते पैसे कंपनीनं दिले असते. आता ते चालकाकडून आणि मालकाकडून, म्हणजे भाऊजींकडून. आणि ठरलेली रक्कम भरली नाही तर कलम १७४खाली न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना दाखला देऊ शकतं; वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते. म्हणजे सातबारावर. कापसाच्या भावाला, पावसाला, बोंडअळीला पुरून उरलेली चार एकरं नाश्त्याच्या पैजेत गुंतली. गाडीही सुटली नाही: विमा नसलेली अपघातातली गाडी मालकानं पुरेशी हमी दिल्याशिवाय सोडत नाहीत, नाहीतर तिचा लिलाव.

विमा आहे म्हणून छाती काढणाऱ्यांसाठी: चालकाकडे लायसन्स नसेल तर कंपनी जखमीला पैसे देऊन ते मालकाकडून वसूल करू शकते. आणि स्वतःच्या बेदरकारपणानं चालक मेला, तर त्याच्या घरच्यांना भरपाई द्यायला कंपनी बांधील नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५मध्ये कर्नाटकातल्या एका प्रकरणात सांगितलं.

सतरा वर्षांच्या मुलाचे वडील माझ्याहून वाईट अवस्थेत आहेत. कलम १९९अ: पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. चावी संमतीनं दिली असं कायदा धरूनच चालतो. तसं नव्हतं हे बापानं सिद्ध करायचं. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ला एका अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले, तेव्हा त्याला जामीन देताना घातलेल्या निबंध लिहिण्याच्या अटीवर सगळा महाराष्ट्र तावातावानं बोलला. मुलाच्या बापाला अटक झाली, त्यावर आमच्या पारावर कोणी फारसं बोललं नाही. मोठ्यांच्या घरचं प्रकरण, आपला काय संबंध?

म्हणून माझं सांगणं मुलांना उपदेश करा असं नाही. ते ऐकत नाहीत, आपणही ऐकत नव्हतो. आज एमपरिवाहन अॅपवर गाडीचा नंबर टाका आणि विम्याची तारीख बघा. अठराच्या आतल्याला चावी देऊ नका, शिकवणीला उशीर झाला तरी. गाडी मुलाच्या कमाईची असेल तर त्याच्याच नावावर करा. आणि घडूनच गेलं असेल तर कागद न करता कोणाच्या हातात रोख देऊ नका. दाव्याची तडजोड राष्ट्रीय लोकअदालतीत होते, तिथंच करा. जखमीच्या घरी वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. हे काकांच्या मुलाला मीच सांगितलं. भाऊजी आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

भाचा पोलीस भरतीची तयारी करतो. अजूनही पहाटे मैदानावर पळतो. एक दिवस साक्षांकन नमुना समोर येईल आणि त्यात गुन्हा दाखल आहे का, असा रकाना असेल. "मामा, नाही लिहिलं तं समजन का कोणाले?" त्यानं विचारलं. समजतं. चारित्र्य पडताळणी त्याच ठाण्यातून होते जिथं गुन्हा नोंदलाय. खरं लिहिलं तर निवड करणारे गुन्ह्याचं स्वरूप बघून विचार करू शकतात. लपवलं तर लागलेली नोकरीही जाऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली स्पष्ट केलंय. त्या रकान्यात काय लिहायचं ते आम्ही आताच एका कागदावर उतरवून ठेवलं आहे: गुन्हा क्रमांक, कलमं, कोर्ट, पुढची तारीख.