ताईस पत्र : रोख परतावा की विमानाचे पॉइंट?

वालूर, ता. सेलू, जि. परभणी



तू पाठवलेल्या दोन्ही माहितीपत्रकांचे फोटो मोठे करून वाचले. शेवटच्या पानांवरचा बारीक मजकूरही सोडला नाही, कारण कार्डाच्या खऱ्या अटी तिथेच असतात. ऑफिसच्या कॅन्टीनबाहेर टेबल मांडून बसलेला मुलगा तुला प्रवासाचं कार्ड घे म्हणतो, आणि तुझी मैत्रीण म्हणते कॅशबॅकच बरा. माझं मत विचारलंस, तर ते आधीच सांगतो : आज तू कॅशबॅकचं कार्ड घे. पण नुसतं काकाने सांगितलं म्हणून घेऊ नकोस. कारण समजून घेतलंस तर उद्या पगार आणि प्रवास वाढल्यावर हे मत कधी बदलायचं, ते तुझं तुलाच ठरवता येईल.

पहिलं म्हणजे हा पैसा येतो कुठून, ते बघ. तू दुकानात कार्ड लावलंस की शंभरातले साधारण दीड-दोन रुपये दुकानदाराच्या खिशातून जातात. ते बँका आणि कार्डाचं जाळं चालवणारी कंपनी वाटून घेतात. शिवाय वार्षिक फी असते. आणि सगळ्यात मोठा घास असतो बिल पूर्ण न भरणाऱ्यांच्या व्याजाचा. या तिन्हींतला थोडा भाग बँक तुला परत देते, त्याला कोणी कॅशबॅक म्हणतं, कोणी पॉइंट, कोणी माइल्स. बँकेच्या शाखेत काम करताना मी बघत आलोय, बँक कुणाला काही फुकट देत नाही. ती देते ते तू जास्त खर्च करावास आणि कधीतरी बिल थकवावंस या आशेवर देते. ती आशा पुरी होऊ द्यायची नाही, एवढंच तुझ्या हातात आहे.

आता तुझ्याच आकड्यांनी हिशोब करू. घरभाडं आणि घरी पाठवायचे पैसे सोडून कार्डावर जाईल असा तुझा खर्च महिना १५,००० धरतो. त्यातले ८,००० ऑनलाइन, ७,००० दुकानांत. तुझ्या कागदावरच्या कॅशबॅक कार्डाला ऑनलाइनवर ५ टक्के आणि दुकानात १ टक्का आहे. म्हणजे ४०० अधिक ७०, महिन्याला ४७० रुपये, वर्षाला ५,६४०. वार्षिक फी ९९९, तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१७९ रुपये. हातात राहिले साधारण ४,४६०. हे पैसे थेट बिलात वळते होतात, कुठे जाऊन काही वटवावं लागत नाही.

प्रवासाच्या कार्डाची फी ५,०००, जीएसटीसह ५,९००. शंभर रुपयांना २ माइल्स. तुझ्या १,८०,००० च्या वार्षिक खर्चावर मिळाले ३,६०० माइल्स. पहिल्या वर्षी स्वागताचे २,५०० वेगळे. एका माइलला रुपया धरला तर ६,१०० रुपये येतात, त्यातून फी वजा जाता २०० रुपये उरतात, तेही फक्त पहिल्या वर्षी. दुसऱ्या वर्षापासून तूच बँकेला पैसे देत राहशील. हाच माइल एखाद्या विमान कंपनीकडे वळवून दीड-दोन रुपयांच्या मोलाने वापरता येतो, हे खरं आहे. पण त्यासाठी विमानात बसावं लागतं. तुझा प्रवास कोणता? रात्री ठाण्याला देवगिरी पकडायची, सकाळी सेलूला उतरायचं, तिथून एसटीने नाहीतर जीपने वालूर. विमानाने यायचं म्हटलं तर नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरला उतरावं लागेल आणि तिथून पुन्हा एसटीचीच वाट बघावी लागेल. विमानतळावरच्या ज्या लाउंजमध्ये तुझं जाणंच होत नाही, तिथल्या फुकट जेवणाचे पैसे फीमधून कशाला भरायचे? आता तर बऱ्याच बँकांनी लाउंजलाही आधीच्या तिमाहीत इतका खर्च केला असेल तरच, अशी अट घातली आहे.

कॅशबॅकच्या कागदात एक गोष्ट तुला भुरळ पाडेल, म्हणून तिच्याबद्दल सांगतो. वर्षाला २ लाख खर्च केले तर फी माफ, असं त्यात आहे. तुझा खर्च १,८०,००० वर थांबतो. उरलेल्या २०,००० ची गरज नसताना खरेदी करून १,१७९ वाचवू नकोस. आणि ज्यावर कॅशबॅक मिळत नाही ती यादी वाच : पेट्रोल, घरभाडं, विम्याचा हप्ता, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, बऱ्याचदा वीजबिलसुद्धा. महिन्याला जास्तीत जास्त किती परत मिळेल याची मर्यादाही असते, पण तुझा खर्च तिच्या जवळपासही जात नाही.

पॉइंटबद्दल माझी मोठी तक्रार वेगळीच आहे. ते ज्या चलनात मिळतात ते चलन बँकेने किंवा विमान कंपनीने स्वतः पाडलेलं असतं आणि त्याचा भावही तीच ठरवते. मोंढ्यात सोयाबीन घालून रोख पट्टी हातात घेणं वेगळं आणि ‘भाव पुढच्या हंगामात ठरवू’ असं लिहिलेली आडत्याची चिठ्ठी घेऊन घरी येणं वेगळं. जेट एअरवेजचं उदाहरण घे. बँकांबरोबर तिची कार्डं होती, लोकांनी वर्षानुवर्षं माइल्स साठवले होते. १७ एप्रिल २०१९ ला तिची विमानं थांबली आणि ज्या कंपनीच्या तिकिटांसाठी साठवलं ती कंपनीच आकाशातून गेली. विस्तारा तर चांगली चालत असताना १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. पॉइंट एअर इंडियाच्या योजनेत गेले, बुडाले नाहीत. पण विस्ताराच्या नावाची कार्डं बँकांना बंद करावी लागली आणि ती ज्या फायद्यांसाठी घेतली होती ते फायदे गेले. कॅशबॅकचा दरही बँक उद्या कमी करू शकते, ते मी नाकारत नाही. पण जो रुपया काल बिलात वळता झाला, तो कोणी परत मागत नाही.

मग प्रवासाचं कार्ड कुणासाठी? जो महिन्यातून दोनदा बंगळुरू-दिल्ली करतो, तिकीट-हॉटेल स्वतःच्या कार्डावर घालून कंपनीकडून भरून घेतो, त्याला माइल्सचा ढीग साठतो आणि वर्षाअखेर घरच्यांची तिकिटं त्यात निघतात. परदेशात खर्च करणाऱ्यालाही ते उपयोगी पडतं. साध्या कार्डावर परकीय चलनातल्या खरेदीला ३.५ टक्के जास्त लागतात, त्यावर जीएसटी, म्हणजे लाखाला ४,१३० रुपये. प्रवासाच्या काही कार्डांना हे २ टक्के असतं, काहींना शून्य. तुझ्या कंपनीने उद्या तुला बाहेर पाठवायचं ठरवलं तर मला कळव, तेव्हा हे पत्र बाजूला ठेवून नव्याने बसू. शिवाय त्या कार्डाला वेळ द्यावा लागतो : कोणत्या कंपनीकडे किती दराने वळवायचे, मुदत कधी संपते, सगळं लक्षात ठेवायचं. ज्याला त्यात रस आहे त्याने जरूर करावं.

तुला प्रवासाचंच काही हवं असेल तर रेल्वेचं बघ. आयआरसीटीसी आणि स्टेट बँकेच्या कार्ड कंपनीचं मिळून एक कार्ड आहे, फी ५००, जीएसटीसह ५९०. आयआरसीटीसीवर एसी वर्गाचं तिकीट काढलं तर १० टक्क्यांपर्यंत पॉइंटच्या रूपात परत, आणि ते पॉइंट पुढच्या तिकिटाला वापरता येतात. तुझं थर्ड एसीचं तिकीट हजाराच्या आत-बाहेर असतं. वर्षाला अशी सोळा तिकिटं आणि पूर्ण १० टक्के धरले तरी १,६०० होतात, फी जाऊन हजारेक उरतात. पण तू निम्म्या वेळा स्लीपरने येतेस, आणि स्लीपरला हे लागू नाही. म्हणून पहिल्या वर्षी तेही नको. एकच कार्ड नीट सांभाळ.

गावाकडच्या वापरासाठी एक विचारून घे : कार्ड रुपेचं आहे का? २०२२ च्या सप्टेंबरपासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, दुकानाच्या क्यूआरवर चालतं. माणसाला पैसे पाठवायला चालत नाही. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कार्ड तिथे चालत नाही. आपली बारव बघायला आता लांबून लोक येतात, ते चहाचे पैसेसुद्धा क्यूआरवर देतात. तुलाही वाटेल की सगळीकडे कार्डच वापरावं. पण यूपीआयवरच्या खर्चाला पुष्कळ कार्डं कॅशबॅक देत नाहीत. आणि जो दुकानदार कार्डासाठी वरून दोन टक्के मागतो, त्याच्याकडे एक टक्क्याच्या कॅशबॅकपायी कार्ड काढणं म्हणजे सरळ तोटा.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, ते सांगतो. बिलावर दोन आकडे येतात, एकूण देय आणि किमान देय. किमान देय हा आकडा तुझ्यासाठी नाहीच असं समज. समज २०,००० चं बिल आलं आणि तू १,००० भरलेस. उरलेल्या १९,००० वर महिना ३.५ टक्के म्हणजे ६६५, वर जीएसटी, झाले ७८५. दीड महिन्याहून जास्त कॅशबॅक एका झटक्यात गेला. प्रत्यक्षात व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजतात, त्यामुळे आकडा याहून मोठाच येतो, आणि बाकी राहिली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. वर्षाचा दर ४२ टक्के होतो. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ३० टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवलं होतं. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला रद्द केला. म्हणजे दराला आता आयोगाचा तोही लगाम राहिला नाही. कार्ड हातात आल्याच्या दिवशी पगाराच्या खात्यातून ‘एकूण देय’ आपोआप वळतं होईल अशी सोय करून टाक. आणि कार्डाने एटीएममधून रोख कधीच काढू नकोस, त्याला पहिल्या दिवसापासून व्याज लागतं आणि वर फीही.

हे दादांसमोर बोललो नाही, पण तुला लिहितो. मृग लागला की घरात पैशांची ओढाताण असते, आणि यंदा कुणीतरी म्हणेलच की ताईच्या कार्डावर कृषी सेवा केंद्रातून बियाणं-खत उचलू. तुझं मन मोडणार नाही हे मला माहीत आहे, म्हणूनच आधी सांगतो : नको. किसान क्रेडिट कार्डावरचं पीककर्ज वेळेत फेडलं तर केंद्राच्या सवलतीनंतर ४ टक्क्यांनी पडतं, आणि राज्याच्या सवलतीने ३ लाखांपर्यंत व्याजच लागत नाही. दोन्हींच्याही नावात क्रेडिट कार्ड आहे, पण एक पीक हाती येईपर्यंत थांबतं आणि दुसरं फार तर पन्नास दिवस. सोयाबीन काही पन्नास दिवसांत मोंढ्यात जात नाही. दादांचं पीककर्ज नवं-जुनं करायचं मी बघतो, सोसायटीत आणि जिल्हा बँकेत मीच त्यांच्याबरोबर जाईन. तुला द्यायचेच असतील तर पगारातून रोख पाठव.

तुझे हक्कही माहीत असू दे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार तुझ्या संमतीशिवाय कार्ड देता येत नाही. कार्ड बंद करायचा अर्ज दिला आणि बाकी काही नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत बंद करावं लागतं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये तुला द्यावे लागतात. बिलाची तारीखही बदलून मागता येते; पगारानंतर चार-पाच दिवसांनी भरणा येईल अशी मागून घे. वेळेवर भरत राहिलीस तर ३०० ते ९०० च्या मापातला तुझा सिबिल स्कोअर चढत जाईल, आणि पुढे घराच्या कर्जाला त्याचा जो उपयोग होईल तो मला या ४,४६० रुपयांपेक्षा मोलाचा वाटतो.

टेबलावरच्या मुलाशी गोड बोल, त्यालाही महिन्याचं टार्गेट असतं. पण सही तिथे उभ्या-उभ्या करू नकोस. अर्ज बँकेच्या ॲपवरून स्वतः भर, आणि ओटीपी कुणालाही, त्या मुलालासुद्धा, सांगू नकोस. पहिलं बिल आलं की त्याचा फोटो मला पाठव, आपण दोघं एकेक ओळ लावून बघू.

वहिनी बऱ्या आहेत, दादांचा गुडघा आता कमी दुखतो.

तुझा
काका